सावरखोरीहून न आलेला होकार

“त्या दिवशी हवा खराब होती,” असं वसंता खरात म्हणाला, आणि म्हणताना त्याने पुंजारामकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

पुंजाराम दाभाडे पहाटे सावरखोरीहून निघून, टेंभुर्णीपर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर आणि पुढे दोन एसट्या बदलून बदनापूरला आला होता. सोबत त्याची मुलगी अक्षता. दोघं ‘दूरनिरोप’च्या ऑफिसातल्या बाकावर बसले होते. ऑफिस म्हणजे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, बाक आणि पाण्याचा माठ. मागच्या खोलीत रेडिओ सेट, संगणक आणि बॅटऱ्या.

दूरनिरोप ही मोजक्या माणसांची संस्था; ऑफिस आणि तिथला सेट वसंता सांभाळायचा. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांच्या डोंगरकडेला काही वस्त्या अशा बशीत बसल्यासारख्या आहेत, की तिथे मोबाइलवर एक रेघ उमटत नाही. माणसं थोडी, म्हणून तिथे कुणी टॉवर उभारत नाही. अशा सात वस्त्यांत संस्थेने एकेक रेडिओ सेट, जुना लॅपटॉप, सोलरची बॅटरी आणि लोखंडी पाइपावर अँटेना बसवून दिली होती. वस्तीतलंच कुणीतरी, सावरखोरीत मीना, आपल्या घरी बसून लोकांचे निरोप टाइप करायचं, सेट ते रेडिओलहरींवरून बदनापूरला पोचवायचा आणि बदनापूरहून ते ईमेल होऊन पुढे जायचे. बाहेरून आलेली उत्तरं त्याच वाटेने परत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वेग असा, की एक फोटो पोचेपर्यंत सगळ्या वस्तीचे आठवड्याचे निरोप जाऊन यावेत.

यात हवेचा भरवसा नसायचा. पावसाळ्यात विजा कडकडल्या, कधी वर आभाळात काही बिनसलं, की सेटमधून नुसती खरखर यायची. सातही वस्त्यांतले लोक त्याला ‘हवा खराब’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. हे वाक्य इतक्या वेळा खरं ठरलेलं होतं, की खोटं बोलायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नव्हतं.

“हवा खराब व्हती,” पुंजाराम म्हणाला, “मंग फोटू कसा आला?”

“कोणता फोटो?”

“शाळेचा. मीनानं लेकरं उभी करून काढला, अन् तुमच्या पाहुण्यांला धाडला. माझा पुतण्या हाये त्या फोटूत, पुढं बसलेला. एवढा मोठा फोटू आला तुमच्याकडं. माझ्या लेकीचा एक ‘हो’ न्हाई आला?”

“दुपारनंतर हवा जरा सुधारली होती.”

“मंग दुपारनंतर धाडायचा व्हता. पाच वाजेपोहोत टाइम व्हता न.”

वसंताने माठातून पाण्याचा तांब्या भरला आणि दोघांपुढे ठेवला. खोटं बोलताना तो नेहमी पुस्तकी बोलायचा. त्याला स्वतःलाही ते ऐकू येत होतं. “मी मीनाला विचारतो,” तो म्हणाला.

एवढं एक वाक्य त्याने म्हटलं नसतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

“विचारा,” पुंजाराम म्हणाला. “आम्ही विचारलं तं तोंडातून शब्द काढंना. खाली बघून राह्यली. आता तुम्ही आपले माणसं म्हनून सांगतो, वसंतराव. ती पाटलाच्या घरची सून. आमची पोरगी हॉस्टेलात ऱ्हाऊन शिकावी, असं तिला कामून वाटंल? बसली असंल निरोपावर बूड टेकवून.”

“आबा,” अक्षता म्हणाली.

“काय खोटं हाये त्यात?”

वसंताने ते ऐकून घेतलं. तोही पुंजारामच्याच समाजाचा. जयंतीला सावरखोरीच्या विहारात त्याचं भाषण ठरलेलं असायचं. पुंजाराम त्याच्याकडे ज्या विश्वासाने बघत होता, तो त्याने कमावलेला होता आणि आता तो तिथल्या तिथे खर्च करत होता.

अक्षताने पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवून तिने विचारलं, “सर, मंग आता काहीच न्हाई का?”

“कॉलेजात जागा उरल्या तर शेवटी एक फेरी होते. मी चौकशी करतो.”

“उरत्यात का?”

“सरकारी कॉलेजात फार नाही,” वसंता म्हणाला. दिवसभरात त्याने उच्चारलेलं पहिलं पूर्ण खरं वाक्य हेच.

*

झालं होतं ते असं.

अक्षता दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पॉलिटेक्निकचा ऑनलाइन अर्ज वसंतानेच या ऑफिसात बसून भरला. सावरखोरीत फोन चालत नाही, म्हणून अर्जावर नंबर संस्थेचा. ओटीपी यायचा तो इथे. दुसऱ्या फेरीत तिला सरकारी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलची जागा लागली, हॉस्टेलसकट. जागा घ्यायची तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर जाऊन ‘स्वीकार’ करायचं, नाहीतर ती पुढच्या मुलाला जाणार. वसंताने आठवड्याच्या मध्यालाच सावरखोरीला निरोप धाडला: जागा लागली, घ्यायची का ते शनिवारी पाचच्या आत कळवा.

घरात लगेच ‘हो’ निघालं नाही. पोरगी घराबाहेर ठेवायची म्हणजे तिच्या मामाला विचारल्याशिवाय पुंजाराम पाऊल उचलणार नव्हता. मामा अंबडकडे कामाला. तो शुक्रवारी दिवे लागायच्या सुमाराला आला, जेवला, भाचीला दोनचार प्रश्न विचारले आणि म्हणाला, जाऊ द्या. शनिवारी उजाडल्या उजाडल्या पुंजाराम आणि अक्षता मीनाच्या ओट्यावर हजर. मीनाने टाइप केलं: ‘अक्षता दाभाडे. हो.’ यापेक्षा लहान निरोप त्या सेटवरून कधी गेला नसेल.

तो गेलाच नाही. कारण त्या शनिवारी बदनापूरला पाहुणे येणार होते.

पाहुणे देणगीदार होते, पुण्याचे. आणखी तीन वस्त्यांत सेट बसवायचे की नाही हे ते ठरवणार होते. मागच्या वर्षी असेच एक पाहुणे आले होते, आणि नेमकं त्यांच्यासमोर सात वस्त्यांचे साचलेले निरोप एकदम आत घुसले. स्क्रीनवर नुसत्या पट्ट्या सरकत राहिल्या. पाहुण्यांनी घड्याळं पाहिली, चहा घेतला आणि गेले. पुन्हा तसं नको म्हणून वसंताने शुक्रवारी संध्याकाळीच सातही वस्त्यांना आवाज दिला: उद्या सकाळचं काही पाठवू नका, मी बोलावेपर्यंत चॅनल मोकळं ठेवा.

“बरं सर,” मीना म्हणाली होती. मामा तेव्हा नुकताच वस्तीत पोचला असेल.

पाहुणे सकाळी येणार होते, ते जेवणानंतर आले. मधल्या वेळात चॅनल थोडं उघडावं असं वसंताच्या मनात आलं होतं. पण एकदा दार उघडलं की सगळे आत घुसतील, आणि पाहुण्यांची गाडी नेमकी तेव्हाच दारात थांबेल, असं वाटून त्याने हात मागे घेतला. मग पाहुणे आले. संस्थेचे अध्यक्ष राजानंद साळवे पांढऱ्या सदऱ्यात दारात उभे होते. हार झाले. सगळे मागच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले आणि पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, तिकडच्या कुणाशी बोलता येईल का.

वसंताने माइकचं बटण दाबलं. “सावरखोरी, सावरखोरी, बदनापूर बोलतोय.”

आवाज इतका स्वच्छ आला, की पाहुण्यांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. “बदनापूर, सावरखोरी. नमस्कार सर. सर, एक अर्जंट हाये, आधी ते घेता का...”

“मीना, ते नंतर,” वसंता म्हणाला. “आधी पाहुण्यांसाठी शाळेचा फोटो पाठव.”

“बरं सर,” सेटमधून आवाज आला.

“काय म्हणत होत्या त्या?” बाईंनी विचारलं. माइकवरचं मराठवाडी बोलणं त्यांना नीट लागलं नव्हतं.

“नमस्कार म्हणतात तुम्हाला,” वसंता म्हणाला.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरला. आधी आभाळ, मग शाळेचे पत्रे, मग पोरांची डोकी. बराच वेळ गेला, पण पाहुणे खिळून राहिले, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांचे पाय दिसले तेव्हा टाळ्या वाजल्या. मग पोहे झाले. मग सगळ्यांचा एक फोटो झाला. गाडी वळून गेल्यावर वसंता सेटवर बसला आणि त्याने चॅनल उघडलं. पहिला निरोप सावरखोरीचा होता. त्याने लगबगीने वेबसाइट काढली. तिथे लिहिलं होतं की मुदत संपली आहे.

विसरलो, असं वसंताने तेव्हा स्वतःला सांगितलं. गडबडीत डोक्यातून गेलं. नंतरच्या दिवसांत तो हे वाक्य अंघोळ करताना, भाजी घेताना, झोपायला जाताना स्वतःशी म्हणत राहिला. विसरणं ही चूक असते. चूक कुणाकडूनही होते. वाक्यात काही खोट नव्हती. तरी ते पुन्हापुन्हा म्हणावं लागत होतं.

*

पुंजाराम आणि अक्षता गेल्यावर राजानंद साळवे पुढच्या खोलीत आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. संस्था त्यांनीच, जुने टाकाऊ सेट जमवून, स्वतःच्या हातांनी सोल्डरिंग करून उभी केली होती. आतल्या खोलीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“त्याला खरं कामून न्हाई सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“सांगायला बसलो व्हतो. तोंडातून हवाच निघाली.”

राजानंद त्याच बाकावर बसले. “पाहुण्यांचा फोन आल्ता. तिन्ही वस्त्या मंजूर.”

वसंताने मान हलवली.

“हे आत्ता बाहेर आलं तं ते म्हनतील, आमच्यापुढं खेळ दाखवायसाठी तुम्ही लोकांचे निरोप अडवता.”

“अडवलेच न सर.”

“अडवले,” राजानंद म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. “सेट येऊ दे तेवढे. त्या तीन वस्त्यांत गेल्या पावसाळ्यात निरोप न पोचल्यानं काय काय झालं, तुला माहीत हाये. सेट आले की मी सोता येतो तुझ्यासंगं सावरखोरीला. दोघं मिळून सांगू.”

वसंताला एकदम हलकं वाटलं. संध्याकाळी घरी जाताना त्याला त्या हलकेपणाची आठवण झाली आणि तो रस्त्यात उभाच राहिला.

मीना गप्प का आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ऑपरेटरना शिकवायला वस्त्यांवर तोच जायचा, आणि पहिल्याच दिवशी एक नियम घालून द्यायचा: सेटच्या खोलीत जे वाचाल, जे ऐकाल, ते त्या खोलीतच राहील. निरोप ज्याचा, त्याच्याशिवाय कुणाला एक शब्द नाही. बदनापूरशी काय बोलणं झालं, तेही नाही. लहान वस्तीत एक निरोप फुटला की दुसऱ्या दिवशी ओटा ओस पडतो, हे त्याने दाखले देऊन पटवलेलं. सातही ऑपरेटरांत हा नियम मीनाइतका कुणी पाळत नव्हता. तिची सासू गिरिजाबाई येईल त्याला ऐकवायची, “माझ्या घरात रेडू हाये, अन् गावातली बातमी मला नळावर कळती.”

त्या आठवड्यात सावरखोरीचे निरोप कमी होत गेले. विहाराच्या बाजूच्या घरांतून तर एकही येईना. तिकडची माणसं आता फाट्यापर्यंत चालत जाऊन, फोनला रेघ आली की बोलत होती, असं टेंभुर्णीच्या एका ओळखीच्या माणसाकडून वसंताला कळलं. तो रोज कॉलेजला फोन करत होता. जागा उरल्याची यादी लागायची होती. रोज संध्याकाळी मीनाशी बोलताना तो विचारायचा, “वस्तीत काय म्हणतेत लोक?” आणि ती म्हणायची, “काही न्हाई सर.”

मग एका संध्याकाळी निरोप संपल्यावर तिने माइक सोडला नाही.

“सर, मंगळवारी गाडी घेऊन या. सेट घेऊन जा.”

“का गं?”

“सभा हाये. माझ्या घरी सेट नको म्हनतेत. मी बी नकोच म्हनते आता.”

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“काही न्हाई.” खरखर थोडी वाढली, पुन्हा कमी झाली. “नियम हाये न.”

तिने टोमणा मारला असता तर वसंताला सोपं गेलं असतं. पण ती साधंच बोलत होती, एखाद्याने आज वार कोणता ते सांगावं तसं. त्याने राजानंदना फोन केला आणि म्हणाला, मी मंगळवारी चाललो. राजानंद म्हणाले, “जा.” आणि थोड्या वेळाने, “माझं नाव बी सांग.”

*

मंगळवारी तो मोटरसायकल घेऊन निघाला. टेंभुर्णी मागे पडली, तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याएवढी मका आणि तिच्या आतबाहेर सोयाबीन. फाट्यावर चहाच्या टपरीशी चारपाच माणसं फोन कानाला लावून, तोंडं चार दिशांना करून उभी होती. त्यांतल्या दोघांना वसंता ओळखत होता. त्यांनी हात केला नाही. तिथून पुढे वाट खाली उतरली आणि त्याच्या खिशातल्या फोनची शेवटची रेघ गेली.

मीनाच्या दारात गिरिजाबाई तूर निवडत बसली होती. “या साहेब,” ती म्हणाली. “तुमच्या डब्ब्यानं आमच्या घराचं लई नाव काढलं.”

“मावशी, मीना हाये का?”

“हाये की. जाती कुठं? नळावर जायाची सोय न्हाई राह्यली तिला. बाया पाणी भरता भरता हंडे आपटून राह्यल्या.”

मीना आतून आली. हाताला पीठ होतं, ते तिने पदराला पुसलं. सेटच्या खोलीत लॅपटॉप मिटून, वायरी गुंडाळून, सगळं एका चादरीत बांधून ठेवलेलं होतं. वसंता त्या गाठोड्याकडे पाहत राहिला.

“मीना, तू सांगून टाकायचं व्हतंस.”

“कसं सांगू? तुम्हीच म्हन्लेले न्हाई सांगायचं. अन् सांगितलं असतं तं लोक म्हन्ले असते, सोताची चूक सरावर ढकलून राह्यली.”

“हवा खराब व्हती असं मी म्हन्लो, ते कळलं का तुला?”

“पुंजाराम दादा ओरडून गेले न इथून. कळलं.” ती खाली वाकून गाठोड्याची गाठ उगाच घट्ट करत होती. “माझं एक चुकलं सर. मी त्यांला तवाच फाट्यावर धाडायला पाह्यजे व्हतं. मामाचा फोन व्हता, तुम्हाला लागला असता. मला वाटून राह्यलं, आता बोलावसाल, मंग बोलावसाल.”

“तुझं काही चुकलं न्हाई.”

“हाये थोडं. सगळं तुम्ही घेऊ नका,” मीना म्हणाली. “चहा ठेवते.”

“नको. आधी सभा.”

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. पंधरावीस माणसं, थोड्या बाया, खांबाला टेकलेली अक्षता. सगळ्यांत वयस्कर म्हणून कडूबा भिंतीशी खुर्चीवर. वसंताला पाहून पुंजारामने सरकून आपल्या शेजारी जागा केली. वसंता बसला नाही.

“सेट मीनाच्या घरून हलवायचा, असं ठरून राह्यलंय,” कडूबा म्हणाला. “विहारात ठेवा म्हनतेत हे. मंदिरात ठेवा म्हनतेत ते. मी म्हन्तो, झाडाला बांधा.”

काही जण हसले.

“त्याच्या आधी मला बोलायचंय,” वसंता म्हणाला. “मीनानं निरोप दाबला न्हाई. हवा बी खराब नव्हती. त्या दिवशी मी चॅनल बंद ठेवलं व्हतं. पाहुण्यांला सेट दाखवायचा व्हता म्हनून. मीच तिला म्हन्लो, काही धाडू नको. तिनं तरी अर्जंट हाये म्हनून सांगायला तोंड उघडलं, तं मी तिला गप केलं. राजानंद सरांला हे नंतर कळलं, तरी आम्ही दोघं बी गप ऱ्हायलो. अक्षताची जागा माझ्यामुळं गेली.”

शाळेच्या मागे एक बकरी ओरडत होती, ती ओरडत राहिली.

“म्हंजे हवा न्हाई, साहेब खराब व्हते,” मागून मिथुन म्हणाला. तो पुंजारामचा थोरला पुतण्या, गावात सगळ्यांत आधी तोंड उघडणारा. यावेळी कुणी हसलं नाही.

पुंजाराम उठला नव्हता. शेजारी केलेली रिकामी जागा त्याने हाताने झाडल्यासारखी केली. “म्या बदनापुरात तुमच्यापुढं बसून मीनाला काय काय बोललो,” तो म्हणाला. “आठवतं?”

“आठवतं.”

“जातीवर गेलो तिच्या.”

“हां.”

“तुम्ही ऐकून घेतलं. पाणी पाजलं मला.”

वसंताने मान खाली घातली.

“आपला माणूस म्हनून बोलत व्हतो मी,” पुंजाराम म्हणाला, आणि तो मीनाकडे वळला. ती बायांच्या मागे उभी होती. “मीना, बाई...” एवढं म्हणून तो थांबला. मीनाने, राहू द्या, अशी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही नव्हतं. खूप वेळ धरलेलं ओझं खाली ठेवल्यावर हात दुखायला लागतात, तशी ती दिसत होती.

“सर,” अक्षता म्हणाली. ती खांबापासून पुढे आली. आवाज शांत होता, वर्गात शंका विचारावी तसा. “मीनाताई अर्जंट हाये म्हन्ल्या, तवा तुम्हाला वाटलं का, ते माझंच असंल?”

हो किंवा नाही, कुणीही तपासू शकणार नव्हतं. त्या खोलीत उभे असलेले पाहुणे सांगू शकणार नव्हते, राजानंद सांगू शकणार नव्हते. विसरलो होतो, गडबड होती, डोक्यातून गेलं: वाक्य तयार होतं, इतके दिवस घोकून गुळगुळीत झालेलं.

“व्हय,” तो म्हणाला. “कळलं व्हतं मला. तुझंच असणार. शनिवार हाये, पाचची मुदत हाये, सगळं डोक्यात आलं. वाटलं, फोटो होऊ दे, तेवढ्यात पाच वाजणार न्हाईत. मंग घड्याळाकडं बघितलंच न्हाई.”

अक्षताने ऐकून घेतलं. रडायला येतं का हे ती जणू स्वतःच तपासून पाहत होती, आलं नाही. “बरं,” ती म्हणाली. मग बापाकडे वळून, “आबा, चला. उजेड हाये तवर फाट्यावर जाऊन येऊ. कॉलेजला आपुनच फोन करू.”

“वसंतराव करतो म्हन्ले व्हते न...” कडूबा म्हणाला, आणि वाक्य अर्धंच सोडलं.

पुंजारामने पायात चपला सरकवल्या. जाताना तो वसंताच्या इतक्या जवळून गेला की बाही बाहीला लागली.

सेट कुठे ठेवायचा हा प्रश्न कुणी पुन्हा काढला नाही. शेवटी मीनाच पुढे आली. “सेट माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, कडूबाला नाही, सगळ्यांना. “पण इथून पुढं बदनापूरनं चॅनल बंद ठेवलं, तं मी ओट्यावर पाटीवर लिहिणार. का बंद हाये, कुणी बंद केलं, सगळं. ज्याला फाट्यावर जायचं त्यानं जावं.” मग ती वसंताकडे वळली. “नियमात बसतं का सर?”

“बसतं,” वसंता म्हणाला. “लिही.”

“न्हाई बसत,” ती म्हणाली. “तरी लिहिणार.”

माणसं उठून पांगली. गिरिजाबाईने चहाला थांबा म्हटलं नाही, मीनानेही पुन्हा विचारलं नाही. तिला गाठोडं सोडून संध्याकाळच्या वेळेआधी वायरी जोडायच्या होत्या. वसंताने मोटरसायकल काढली आणि चढाला लागला.

पहिल्या वळणावर त्याला पुढे दोघं दिसली. पुंजाराम पुढे, अक्षता दोन पावलं मागे, हातात मामाने ठेवून गेलेला फोन. ती मधूनमधून तो वर करून बघत होती. मोटरसायकलचा आवाज ऐकून पुंजाराम वाटेच्या कडेला सरकला, गाडीला वाट देण्यासाठी. मागे वळून पाहिलं नाही.

“बसा मागं दोघं,” वसंता म्हणाला. “फाट्यापोहोत सोडतो.”

“तुम्ही व्हा पुढं,” पुंजाराम म्हणाला. “आम्ही येतो पायी.”

वसंताने गिअर टाकला, पण क्लच सोडला नाही. त्यांना ओलांडून पुढे जायचं, टपरीपाशी त्यांच्या आधी पोचायचं, आणि ती वर येऊन फोन लावायला लागतील तेव्हा चहाचा ग्लास हातात घेऊन तिथे उभं राहायचं, हे त्याच्याने होईना. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मोटरसायकल ढकलत, मध्ये बरंच अंतर ठेवून, तो त्यांच्या मागे चालू लागला. चढ दमवणारा होता. वर, अजून रेघ न आलेल्या जागी, अक्षता थांबली, फोन कानाला लावून तिने एकदा पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा चालायला लागली.